एका तासाचं सुतक

कॅनडाला शिंपी हवे होते. शिंप्याबरोबर त्याच्या बायकोलाही नेणार होते. एकट्या बाईचं नाव मात्र त्या खेपेला घेत नव्हते. जर्मनीत, बव्हेरियातल्या आमच्या निर्वासितांच्या छावणीत ही बातमी आली, तेव्हा लढाई संपून तीन वर्षं होत आली होती. पोलंडात, लोड्झमध्ये मी बारा वर्षं पुरुषांचे कोट शिवले होते, आणि यादीत नाव लागलं झेल्मान मास्तरांचं! ते ग्रोड्नोच्या शाळेत भूगोल शिकवायचे. फॉर्मवर त्यांनी बेधडक ‘शिंपी’ असं लिहून टाकलं होतं; आता शिवणाची परीक्षा होणार म्हणून माझ्याकडे शिकायला आले.

“सुई आहे ती, मास्तर. खडू नाही.”

“खडू बोटात घुसत नाही हो, फ्रुमाबाई.”

तीन आठवड्यांत त्यांना खिसा जमायला लागला. एका दुपारी त्यांचे टाके उसवता उसवता मी विचारलं, “मास्तर, लग्न कराल?”

“कुणाशी?”

“माझ्याशी. मला इथून निघायचंय. दमले मी.”

ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, “मीही दमलोय. चालेल.”

छावणीतल्या रब्बींकडे, आमच्या ज्यू धर्मगुरूंकडे गेलो. ते म्हणाले, “तुमचा पहिला नवरा?”

“पिंकस. गेला.”

“जाताना कुणी पाहिलं?”

“साडेतीन वर्षं पत्ता नाही. एवढं पुरत नाही?”

“नाही पुरत, बाई. उद्या तो दारात उभा राहिला तर? एक तरी साक्षीदार आणा.”

साक्षीदार होता. चार नंबरच्या बराकीतला नुसन. लढाईत, नाझींच्या छळछावणीत तो आणि पिंकस एकाच फळीवर झोपायचे. इथे आला त्या दिवशीच तो म्हणाला होता, “वहिनी, तुम्हाला काही सांगायचंय.” मी म्हटलं, नंतर. त्याला दोन वर्षं झाली. सुपाच्या रांगेत तो दिसला की मी रिकामं भांडं घेऊन परत फिरायची.

त्या दिवशी मीच त्याच्याकडे गेले. तो बटाटे सोलत होता.

“आज इकडे कुठे, वहिनी? वाट चुकलात?”

मी काम सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली आणि कोट चढवला.

रब्बी मला म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. मी थांबले नाही.

नुसन खाली बघून बोलत होता. “जानेवारी होता. छळछावणी रिकामी करून जर्मन शिपाई आम्हाला चालवत नेत होते. रात्री एका गोठ्यात कोंडलं. सकाळी पिंकसला हलवलं, तर तो गार पडला होता. शेजारीच होतो मी, पण मला कळलंही नाही.” मग तो माझ्याकडे वळला. “वहिनी, त्याचे बूट मी काढून घेतले. माझे फाटले होते. हेच सांगायचं होतं.”

मला वाटलं होतं, मी किंचाळेन. पण तोंडातून एवढंच निघालं, “बरं केलंस. किती चाललास?”

“अकरा दिवस.”

त्याने तोंडावर हात घेतले. रब्बींनी कागदावर लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर हळूच म्हणाले, “इतक्या उशिरा कळलं, की सुतक एका तासाचं असतं.”

एकच तास! बराकीत येऊन मी रीतीप्रमाणे पायातलं काढलं आणि पालथ्या खोक्यावर बसले. नुसन समोर जमिनीवर बसला. पिंकस झोपेत शिट्टी वाजवायचा, हे त्यालाही ठाऊक होतं. आम्ही त्यावर थोडं हसलो. मास्तर दाराबाहेर उभे राहिले, कुणाला आत सोडलं नाही. तास संपल्यावरही मला उठवेना. शेवटी त्यांनीच हात धरून उठवलं.

पुढच्या मंगळवारी लग्न झालं. परीक्षेत मास्तरांचा खिसा जरा तिरका आला, पण परीक्षकाने पास केलं. नुसनला कोणत्याच यादीत घेतलं नाही, त्याच्या फुप्फुसावर डाग होता. स्टेशनवर पोचवायला आला तेव्हा म्हणाला, “वहिनी, पत्र टाका.”

टोरांटोला पोचल्यावर पहिल्याच रविवारी मी ते लिहायला बसले. मास्तर पलंगावर कोटासकट घोरत झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही.