कालव्याच्या वाटेनं आलेला टेम्पो

टेम्पो अंगणात येऊन थांबला तेव्हा आमच्या शेजारच्या दोघी जावा कोबीचे गड्डे क्रेटमध्ये भरत होत्या. धाकटी हातातला गड्डा तसाच टाकून पळाली, कारण टेम्पो तिच्या भावानं त्यांच्या मालासाठी आणला होता. थोरली जागची हलली नाही. तिनं बसल्या जागेवरून आधी चाकं बघितली. चाकांना ओला चिखल थापलेला होता.

"पाहुणे, कालव्याच्या वाटेनं आलात?"

"हो आक्का."

"चांगली डांबरी सोडून?"

"तिकडं गर्दी असते," पाहुणा म्हणाला आणि लगेच काच पुसायला लागला.

मी कुंपणाची तार ओढत होतो, त्यामुळं सगळं कानावर पडत होतं. आमच्या डांबरीवर कसली आली गर्दी? नाक्यावर गाड्या अडवून कागद बघतात, एवढीच काय ती. थोरलीच्या मनात तेच आलं असणार. ती हातातला गड्डा कितीतरी वेळ नुसताच फिरवत बसली.

या बाईचा संशय उगाच नव्हता. तिचा नवरा बाजारातून येताना दुसऱ्याच्या टेम्पोत मागं बसला होता. वळणावर टेम्पो उलटला आणि तो त्याखाली सापडून गेला. नंतर कळलं, टेम्पोचा विमा कधीच संपला होता. टेम्पोवाला चार माणसांत हात जोडून मोकळा झाला. तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसायच्या आधी ही बाई विचारणारच, विमा आहे का. लोक तोंडावर काही बोलत नसत, माघारी हसत.

थोरलीचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, गोठ्यातून आला तो टेम्पोभोवती गोल फिरला. बोनेटवर थाप मारली. आता दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत माल सुकवायला नको, याच आनंदात होता तो.

"भरा माल," तो म्हणाला. "आजचा कोबी आपल्याच गाडीतून जाऊ दे."

"भाऊजी, कर भरलाय का याचा? विमा?"

"सगळं चालू आहे आक्का," पाहुणा मध्येच म्हणाला. त्यानं खिशातून झेरॉक्स काढून दाखवल्या. "मूळ कागद घरी आहेत. पुढच्या खेपेला आणतो."

थोरलीनं झेरॉक्स हातातही घेतल्या नाहीत. "गाडी आणायची आठवण राहिली, कागद तेवढे राहिले होय?"

धाकटीचा चेहरा उतरला. "आक्का, माझ्या माहेरचं माणूस आहे ते. दुसऱ्या कुणी आणली असती तर एवढं खोदून विचारलं असतं का?"

"विचारलं असतं. तुझा विश्वास आहे ना? मग तूच बघ. मोबाइल तुझा, नंबर तू टाक. मी हात लावत नाही."

धाकटीनं तिरीमिरीत मोबाइल काढला. गाड्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपवर टेम्पोच्या पाटीवरचा नंबर टाकला. रेंज येता येईना, म्हणून ओट्यावर चढून उभी राहिली. मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला.

"घ्या. कर भरलेला. विमा पुढच्या वर्षापर्यंत चालू. झालं मनासारखं?"

पाहुणा हसला. दीरानं पहिलं क्रेट उचललंसुद्धा.

"अजून काय लिहिलंय?" थोरली म्हणाली.

"काय असणार? गाडीचा प्रकार, वर्ष, रंग पांढरा..." धाकटी थांबली. अंगणातला टेम्पो निळा होता.

"मी रंगवून घेतला," पाहुणा म्हणाला. "पांढरा लवकर मळतो."

थोरली आता उठली. टेम्पोचं दार उघडून तिनं बिजागरीच्या आतल्या सांदीत नख घातलं. जिथं रंगाऱ्याचा ब्रश कधी पोचत नाही, तिथंही निळाच रंग होता, तोही जुनापुराणा. तिनं दीराकडं बघितलं फक्त.

दीरानं क्रेट खाली ठेवलं. गाडीच्या सांगाड्यावर कंपनीनं ठोकलेला नंबर असतो, तो त्याला ठाऊक होता. रॉकेलचं फडकं घेऊन तो टेम्पोखाली शिरला.

"शेवटचे आकडे वाच," तो खालून म्हणाला.

धाकटीनं मोबाइलवरचे आकडे वाचले. खालून फडकं घासल्याचा आवाज आला.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचले, सावकाश, एकेक आकडा. दीर सरपटत बाहेर आला आणि हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"दादा," धाकटी म्हणाली, "पाटी कुणाची आहे?"

पाहुण्यानं मान खाली घातली. "आमच्या गल्लीत अशीच एक गाडी आहे. पण टेम्पो माझाच आहे, चोरीचा नाही. कर थकलाय, विमा कुणी देईना. तुमचं जाणंयेणं बाजारापुरतं. काही झालं नसतं."

"त्या टेम्पोवाल्यानंही आम्हाला असंच सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

मग पाहुणा किल्ली घेऊन टेम्पोकडं निघाला. धाकटी आडवी आली. तिनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"चालवत नेऊ नकोस. वाटेत कुणी आडवं आलं तर त्याच्या घरी काय सांगशील? उद्या कुणाचा तरी ट्रॅक्टर आण आणि ओढून ने."

"अगं, मी भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच सांगते."

पाहुणा पायी गेला. पाणीही प्यायला नाही. दीर गोठ्यात गेला. मी आपणहून माझी बैलगाडी जुंपली आणि त्यांच्या अंगणात आणून लावली. दोघी जावा क्रेट वर द्यायला लागल्या. मग धाकटीला राहवलं नाही.

"खरा ठरला ना तुमचा संशय. आता तरी बरं वाटलं असेल."

थोरलीनं क्रेटची दुसरी बाजू धरली.

"नाही गं," ती म्हणाली. "खोटा ठरावा म्हणून तर तुला बघायला लावलं."

धाकटीनं डोळ्याला पदर लावला. मग दोघींनी मिळून क्रेट उचललं.