खिळ्यावरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. तुमच्याच वर्गात, फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला. मधल्या सुट्टीत तुम्ही मला नाकावर चढवता, हात पुढे करून धडपडत चालता, बाकावर आपटता आणि खिदळता. खिदळा, माझी ना नाही. फक्त माझी डावी काडी ओढू नका. तिच्यावर दोन दोरे गुंडाळलेले आहेत, खाली काळा आणि वर पांढरा. त्या दोऱ्यांना सुताची किंमत नाही, पण तुमच्या दप्तरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते जास्त जगलेत.

माझा जन्म काही थोर नाही. कारखान्यात प्लास्टिक वितळवलं, साच्यात ओतलं आणि आम्ही ढिगानं बाहेर पडलो. कुणाचे डोळे तपासून मला बनवलेलं नाही. चाळिशी उलटलेल्या कुणालाही चालून जाईल असा मी जवळचा चष्मा. दुकानातल्या फिरत्या स्टँडवर लटकलो होतो. येणारा-जाणारा मला घालायचा, आरशात बघून तोंड वाकडं करायचा आणि परत ठेवायचा. एक माणूस आला, त्यानं आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कॉलरच्या आतून सुई काढली, मला नाकावर ठेवलं, एका दमात दोरा ओवला आणि म्हणाला, "हा द्या."

तो शिंपी होता. त्याच्या दुकानातले दिवस आठवले की माझ्या काचा अजून ओलसर होतात. कात्रीची कचकच, कापडाचा नवा वास, मशीनची घरघर आणि कानामागे अडकवलेला खडू. मला कपाळावर चढवून तो सगळ्या दुकानात मला शोधायचा आणि त्याची छोटी मुलगी तोंड दाबून हसायची. एकदा तो माझ्यावरच बसला. डावी काडी मोडली. त्यानं काळा दोरा घेऊन ती अशी घट्ट बांधली की काय बिशाद सुटायची. म्हणाला, "आता माझ्याआधी तू काही मरत नाहीस." खरं निघालं. तो गेला आणि मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बटणांच्या आणि रिकाम्या रिळांच्या सोबतीला पडलो. ड्रॉवरमध्ये अंधार असतो हे सगळे सांगतात. कंटाळा किती असतो ते कुणी सांगत नाही.

त्याची ती मुलगी मोठी होऊन शिक्षिका झाली. दिवसा तुमच्यासारख्यांची शाळा भरायची आणि संध्याकाळी याच खोलीत तिचा दुसरा वर्ग भरायचा. मोठ्या माणसांचा. कुणाचं शिक्षण आठवीत सुटलेलं, कुणाचं नववीत, आणि आता सगळ्यांना दहावीचं प्रमाणपत्र हवं होतं. दहावी झाली की पुढे कामाचं प्रशिक्षण, प्रशिक्षण झालं की बरी नोकरी. तुमचीच बाकं. गुडघे हनुवटीला लागायचे, पण बसायचे. दिवसभर राबून यायचे, अंगाला कुणाच्या डिझेलचा वास, कुणाच्या फिनाइलचा. लोक त्यांना विचारायचे, "आता या वयात?" मला या प्रश्नाची चीड आहे. ज्या वयात शिकायचं होतं त्या वयात यांना कामाला जुंपलं, तेव्हा हे विचारणारे कुठे शेपूट घालून बसले होते?

त्या वर्गात एक ड्रायव्हरमामा होते. पुढच्या बाकावर बसून पुस्तक हात लांब करून धरायचे. एक दिवस बाईंना म्हणाले, "बाई, एक तर पुस्तक मोठं करा, नाही तर माझा हात. ट्रकचा नंबर मला मैलावरून दिसतो, हे नाकाखालचं मात्र दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वडिलांच्या मशीनचा ड्रॉवर उघडला. मी उजेडात आलो.

त्या दिवसापासून मी वर्गाचा झालो. हा खिळा माझ्यासाठीच ठोकलेला. रीत अशी पडली की ज्याच्या नाकावर मी, त्यानं धडा मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मग मला पुढच्याच्या हातात द्यायचं. मामा वाचायला लागले की म्हणायचे, "चष्मा चढला, आता कुणी मध्ये हॉर्न वाजवू नका." मी त्या वर्गात नाकानाकांवर फिरलो. घामेजलेली, बसकी, धारदार, सगळी नाकं माझ्या ओळखीची. मित्रांनो, स्वतःच्या मालकाचा चष्मा असणं सुखाचं असतं, पण एका अख्ख्या वर्गाचा असणं म्हणजे काय, ते ज्याला मिळालं त्यालाच ठाऊक.

फक्त एक नाक मला मिळत नव्हतं.

शेवटच्या बाकावर एक ताई बसायच्या. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. मनगटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग, कॉलरच्या आत दोरा ओवलेली सुई. डॉक्टरांच्या कोटाचं बटण तुटलेलं दिसलं की इस्त्रीआधी तिथल्या तिथे लावायचं, ही लॉन्ड्रीची शिस्त. हॉस्पिटलनं सांगून टाकलं होतं की लॉन्ड्री बंद होणार, कपडे बाहेर धुवायला जाणार. ज्यांची दहावी झाली असेल त्यांना ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या विभागाचं प्रशिक्षण मिळेल. ज्यांची नसेल त्यांनी घरी बसावं. इतकं सरळ. ताईंना घरी बसणं परवडणारं नव्हतं. घर त्यांच्याच इस्त्रीवर चालायचं.

धडा कुणीही वाचू दे, ताई कान देऊन ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की घडाघडा सांगायच्या. पण मी फिरत फिरत त्यांच्या बाकापर्यंत आलो की त्यांचा घसा बसायचा. "आज नको बाई, घसा धरलाय." पुढच्या खेपेलाही घसा. मामा म्हणायचे, "ताईंचा घसा म्हणजे आमच्या जुन्या गाडीचा स्टार्टर." सगळे हसायचे, ताईही हसायच्या आणि मला बोटानं न शिवता वहीनंच पुढे ढकलायच्या.

मग सराव परीक्षा आली. छापील प्रश्नपत्रिका, मुंगीएवढी अक्षरं. ताईंनी जवळजवळ कोरा पेपर दिला.

बाई चिडल्या. वर्ग सुटला होता, ताई, मामा आणि खिळ्यावरचा मी, एवढेच उरलो होतो. "ताई, तोंडी विचारलं तर तुम्ही मला शिकवाल. कागदावर काय होतं तुम्हाला?"

ताई उठल्या, पिशवी आवरू लागल्या. "मी उद्यापासून येत नाही बाई. उगाच तुमचा वेळ खातेय."

"मी कारण विचारलंय."

ताईंनी पिशवीचा बंद पिळून घट्ट केला. मग म्हणाल्या, "अक्षरं धड दिसत नाहीत मला. सगळी पुसल्यासारखी, एकमेकांत गेलेली. शाळेत होते तेव्हा लख्ख दिसायची. पण मी शाळा सोडली, पुस्तकाला इतकी वर्षं हात लावला नाही, म्हणून अशी झाली असणार. म्हटलं, जसजशी शिकेन तसतशी परत स्पष्ट होतील. वर्ष झालं बाई. नाही झाली. डोक्यावर गंज चढला की जात नाही, दुसरं काय."

ऐकलंत? ताईंना वाटत होतं, न शिकलेल्या माणसाला अक्षरं अशीच दिसतात. घरी कॉलेजला जाणारी मुलगी एकदा वैतागून म्हणाली होती, "आई, अगं समोर तर लिहिलंय." ताईंनी तेवढंच मनात धरलं. समोर लिहिलंय आणि मला कळत नाही, म्हणजे मीच ढ.

मामा उठले, मला खिळ्यावरून काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि ताईंच्या पुढे धरलं. "घाला."

ताई मागे सरल्या. "नको मामा. शिकल्यावर घालीन."

"मी कुठे शिकलोय? अपूर्णांकात रोज पंक्चर होतो. घाला म्हणतो ना."

त्यांनी मला घातलं. मित्रांनो, माझ्यातून खूप डोळ्यांनी पाहिलं आहे, पण असं कुणी पाहिलं नाही. आधी त्यांनी स्वतःचा हात पाहिला. चटक्यांचे डाग, बोटांवरच्या रेषा. मग पेन्सिलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग टेबलावरची प्रश्नपत्रिका उचलली आणि पहिला प्रश्न वाचला. दुसरा वाचला. न थांबता, न अडखळता. घसा अगदी ठणठणीत होता. खालची तळटीपसुद्धा वाचली आणि कागद खाली ठेवला.

मला वाटलं, आता रडतील. त्या संतापल्या.

"म्हणजे मी ढ नव्हते," त्या म्हणाल्या. "बाई, मी ढ नव्हतेच. मग इतकी वर्षं मी मान खाली घालून कशाला चालले?"

याचं उत्तर? माझ्याकडे आहे आणि मी ते तोंडावर सांगतो. त्यांच्या कॉलरमधल्या सुईत रोज सकाळी मुलगी दोरा ओवून द्यायची. ताई म्हणायच्या, "ओवून दे गं, डोळे गेले माझे." सुई दिसेना तेव्हा म्हणाल्या डोळे गेले. अक्षर दिसेना तेव्हा म्हणाल्या अक्कल गेली. डोळे तर तेच होते. पण गरिबाला, त्यातून बाईमाणसाला, आयुष्यभर एवढ्यांदा 'तुला काय कळतंय' ऐकवलेलं असतं की पुस्तक पुढे आल्यावर डोळ्यांवर संशयच जात नाही, सगळा संशय स्वतःवर. ही चूक ताईंची नव्हती. ती त्यांच्याकडून घोकून घेतलेली होती.

बाईंनी सगळ्या वर्गाला डोळे तपासायला पिटाळलं. मामांनी स्वतःचा चष्मा आणला आणि तो घालून रुबाबात मिशी फिरवली. ताईंचीही तपासणी झाली, पण उशिरा, आणि चष्मा परीक्षेच्या आत तयार होईना. तेव्हा सगळ्यांनी मिळून मला त्यांच्या पिशवीत घातलं. "वर्गाचा माणूस तुमच्याबरोबर," मामा म्हणाले.

त्यांच्या घरचे ते दिवस माझ्या उतारवयातले सगळ्यात गोड दिवस. इस्त्रीच्या घड्यांसारखा त्यांचा अभ्यास नीटनेटका होता, एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला लावून. परीक्षेच्या सकाळी मुलगी नेहमीप्रमाणे सुई मागायला आली.

"दे आई, ओवते."

"ओवलाय."

"कुणी?"

"मी." आणि ताईंनी सुई कॉलरला टोचली.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग सुईकडे. मग खाली बघून म्हणाली, "आई, मी त्या दिवशी 'समोर तर लिहिलंय' म्हणाले होते."

"हो. समोरच होतं," ताई म्हणाल्या. "चल, उशीर होतोय, पाण्याची बाटली दे."

परीक्षेच्या खोलीत गणिताचा पेपर ऐन रंगात आला होता. ताईंनी घामेजल्या बोटानं मला वर सरकवलं आणि शिंप्याचा काळा दोरा, इतकी वर्षं टिकलेला, ढिला होऊन काडी खाली पडली. मी तिरका होऊन त्यांच्या पेपरावर आदळलो. समोरची सगळी बेरीज परत पुसट झाली. मला वाटलं, संपलं. लॉन्ड्री गेली, वाफेचं काम गेलं, सगळं या माझ्या मोडक्या काडीपायी.

ताईंनी पेन खाली ठेवलं. कॉलरच्या आतून सुई काढली. काडी जागेवर बसवली आणि पांढऱ्या दोऱ्यानं, न बघता, नुसत्या बोटांच्या सवयीनं, वेढ्यावर वेढा घालू लागल्या. बटण लावतात तसं.

पर्यवेक्षक धावत आले. तरणाबांड माणूस, कॉपी पकडायची हौस मोठी. "काय चाललंय हे? हातात काय आहे?"

"सुई आहे साहेब. चष्मा शिवतेय."

"परीक्षेत शिवणकाम?"

पलीकडच्या रांगेतून मामांचा आवाज आला, "साहेब, तो वर्गाचा चष्मा आहे. हवं तर तपासा, आत उत्तरं लिहिलेली नाहीत."

"तुम्ही मान सरळ ठेवा, मामा."

"सरळच आहे. माझ्या नव्या चष्म्यामुळे वाकडी दिसत असेल तुम्हाला."

पर्यवेक्षकांनी मला उचललं, उलटसुलट केलं, दोरा पाहिला आणि हळूच परत ठेवलं. मग खिशातला रुमाल काढून माझ्या काचांवरचा घाम पुसला आणि म्हणाले, "गाठ नीट मारा. वेळ आहे अजून."

ताई उत्तीर्ण झाल्या. गणितात काठावर, बाकी विषयांत छान. लॉन्ड्रीला कुलूप लागलं तेव्हा त्या हत्यारांच्या विभागात प्रशिक्षण घेत होत्या. पुढे त्याचंही प्रमाणपत्र मिळालं. प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचून, खाली स्वतःची सही करून पाकीट ऑपरेशनला पाठवायचं, असं ते काम. डोळ्यांवर स्वतःच्या नंबरचा चष्मा. मला परत द्यायला आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडे, आठवण म्हणून." ताईंनी मान हलवली. "राहू द्या खिळ्यालाच. अजून कुणीतरी घसा बसलाय म्हणत येईल."

आले. कितीतरी आले. मग एक दिवस वरून कागद आला की संध्याकाळच्या वर्गाला प्रतिसाद नाही, सबब बंद. प्रतिसाद नाही म्हणे. ज्यांनी तो कागद लिहिला ते कधी संध्याकाळी इथे येऊन बाकात गुडघे कोंबून बसले होते का? बाईंची बदली झाली. मामा शेवटच्या दिवशी मुद्दाम येऊन फळा पुसून गेले. आता संध्याकाळी खोलीला कुलूप असतं. बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येते आणि मागच्या रिकाम्या बाकावर पडते. मी तिकडे बघत बसतो.

मित्रांनो, मला काचेच्या पेटीत ठेवू नका, वर्षातून एकदा हारही घालू नका. काचा पुसून ठेवा, एवढंच पुरे. आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. सुईत दोरा ओवून दे असं तुम्हाला कोण म्हणतं, ते बघा. आई असेल, आत्या असेल, शेजारच्या काकू असतील. दोरा ओवून द्या. मग त्यांच्या पुढे पुस्तक धरा. त्या म्हणतील, "आता काय डोक्यात शिरणार माझ्या." हसू नका. उद्या मला खिळ्यावरून काढून त्यांच्याकडे न्या.

आणि नेताना डावी काडी सांभाळा.