काचेच्या कपाटातली फळी

मी एक फळी बोलतेय. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली डब्यांची फळी आली असेल, तर ती मी नव्हे. पडलेली, आपटलेली, गाडीखाली आलेली लेकरं माझ्यावर निजवतात आणि पाठ-मान जराही हलू न देता दवाखान्यात नेतात. माझे पट्टे अरुंद आहेत आणि डोक्याकडे एक खळगा आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. सपाट फळीवर निजवलं की त्याची मान पुढे वाकते. हे मला घडवणाऱ्यांना ठाऊक होतं, रुग्णवाहिकेवरच्या सिस्टरलाही ठाऊक होतं. आमच्या आरोग्य केंद्राच्या साहेबांना नव्हतं.

दोन वर्षं मी रुग्णवाहिकेत होते. गाडीवर सिस्टर आणि चालक. चालकाला सगळे मामा म्हणायचे. झाडावरून पडलेल्या एका पोराला माझ्यावर बांधलं, तेव्हा त्यानं विचारलं, "मामा, मी मेलो का?"

"मेलेली माणसं इतकी बडबड करत नाहीत. गप पड."

ते पोरगं त्या अवस्थेतही हसलं. तेव्हा मला वाटलं होतं, आपला जन्म कामी आला.

मग केंद्राच्या पाहणीला बडे पाहुणे येणार असं कळलं. साहेबांनी मला गाडीतून काढून दारासमोरच्या काचेच्या कपाटात उभं केलं. वर पाटी लावली : 'बालरुग्णांसाठी विशेष सुविधा'.

"साहेब, ती गाडीत लागते," सिस्टर म्हणाली.

"अहो, दोन दिवसांचा प्रश्न आहे. गाडीत दुसरी आहे ना?"

"ती मोठ्या माणसांची आहे."

"मग मूल मावेलच की तिच्यावर!"

पाहुणे आले, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. कुलूप तसंच राहिलं. सिस्टरनं तीनदा अर्ज दिला. दोन दिवसांचे चार महिने झाले.

एका सकाळी शाळेतून फोन आला. सात वर्षांची मुलगी जिन्याच्या कठड्यावरून खाली पडली होती. सिस्टर धावत आली, कपाटाचं दार दोनदा हिसडलं. किल्ली साहेबांकडे, साहेब बैठकीला. ती तशीच पळाली.

दुपारी परतली तेव्हा माझ्यासमोरच्या बाकावर बसली. मामांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिनं धरलाच नाही.

"खांद्याखाली टॉवेल घातला, दोन्ही बाजूंनी चादरी कोंबल्या," ती म्हणाली. "तरी वळणावर पट्ट्यांतून सरकली हो मामा. मी डोकं धरून होते. पण अंग सरकलं."

मुलगी वाचली. पाय मात्र हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पडतानाच मणका गेला असेल, किंवा नंतर गेला असेल, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. मी तिथे नव्हतेच.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं, 'घटनेच्या दिवशी बालरुग्णांची फळी केंद्रात उपलब्ध होती.' त्यात एक शब्द खोटा नाही. साहेबांचं काही बिघडलं नाही. सिस्टरनं बदली मागून घेतली.

महिन्याभरानं त्या मुलीचे वडील कागद घ्यायला आले. कारकून नवा होता, त्याला त्या घटनेचं काही माहीत नव्हतं.

"हे काय आहे हो?" वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"लहान मुलांना उचलून आणायला. मणक्याला धक्का बसत नाही म्हणे."

"केव्हापासून आहे इथे?"

"झाले म्हणतात सहा महिने."

"आणि कुलूप?"

"चोरीला गेली म्हणजे?"

ते काचेपाशी आले, वरची पाटी वाचली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

मी अजून इथेच आहे. काच रोज पुसली जाते. येणारे-जाणारे पाटी वाचून म्हणतात, वा, छान सोय आहे. तुम्ही कधी आलात, तर कृपा करून कौतुक करू नका. किल्ली कोणाकडे आहे, तेवढं विचारा. आणि ती मिळेपर्यंत दारातून हलू नका.