तडकलेले दिवे

शाळेत शिकवून दमूनभागून नूतन विंझर गावातल्या घरी परतली आणि उंबऱ्यातूनच, पाय न धुता, आत धावली. दिव्याची अवस होती, आणि छोटी शेफाली उकडलेला गोड दिवा तूप घालून खात होती. गव्हाचा कण पोटात गेला तरी पोर आजारी पडायची. नूतनने दिवा हिसकावला.

"आत्याबाई, कणकेचा दिवा दिलात हिला?"

"आधी पाय धू, मग भांड," सासूबाई म्हणाल्या. "तांदळाचा हाय. गिरणीत गहू मिसळतो म्हणून तांदूळ जात्यावर दळला."

"आणि आपले?"

"समदेच तांदळाचे. तडकलेत जरा. पर पोरीचं ताट येगळं कशापाई?"

नूतनने दिवा लेकीला परत दिला. मग एक तडकलेला स्वतःसाठी उचलला.