आक्कांची तीनचाकी

"तीन चाकं? या वयात मला पांगुळगाडा?" आक्कांनी दारातल्या निळ्या सायकलीभोवती एक फेरी मारली. मागे पोराला बसायची छोटी खुर्ची होती, ती हलवून पाहिली. सून बघत नाहीसं वाटल्यावर पेडलही फिरवून पाहिलं.

"परत करू का?" सुनेनं हसू दाबत विचारलं.

"आता आणलीच आहेस, तर राहू दे. उगाच दुकानदाराला हेलपाटा."

परक्या देशात मुलाकडे येऊन आक्कांना आठ महिने झाले होते. इथं सगळं गावच सायकलवर. सूटबूट घातलेला साहेब सायकलवर, आठवा महिना लागलेली बाई सायकलवर. एक बाप्या तर चक्क कपाट लादून चाललेला. आक्का खिडकीतून बघायच्या आणि घरच्यांना भंडावून सोडायच्या. वळायच्या आधी हात का काढतात? कुत्रं टोपलीत गप कसं बसतं?

घरचेही तसेच. मुलगा सायकलवर कारखान्यात, सून सायकलवर दवाखान्यात, सहा वर्षांची ठकी आईच्या मागे बसून शाळेत. आक्का तेवढ्या घरात, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटासारख्या.

"ठकीला शाळेतून मी आणणार," त्यांनी जाहीर केलं.

सुनेनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तेच आक्कांना झोंबलं.

पंधरा दिवस सुनेनं मागे राहून सराव करून घेतला. मग म्हणाली, "जा उद्या. पण उशीर झाला ना आक्का, तर शाळा मला फोन करते. पेशंट टाकून पळावं लागतं मला."

"चार पोरं वाढवलीत मी. मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी आक्का वेळेवर निघाल्या. कालव्याकाठच्या अरुंद वाटेवर पुढे एक वाकलेले आजोबा काठी टेकत चालले होते, अगदी मधोमध. आक्कांचा अंगठा घंटीवर गेला आणि मागे आला. जाणत्या माणसाच्या पाठीमागे घंटी वाजवायची? गुरं हाकतात तशी?

आक्का आजोबांच्याच चालीनं मागून निघाल्या. मागून येणाऱ्यांनी त्यांनाच घंट्या वाजवल्या. आक्कांनी वळून असं काही पाहिलं, की दोघं मुकाट गवतातून गेले.

शाळेच्या फाटकाशी ठकी उभी होती. शेजारी शाळेच्या बाई आणि दवाखान्याच्या कपड्यांतच धावत आलेली सून.

"कुठे होतात हो, आक्का?"

"पुढे एक आजोबा होते."

"मग घंटी वाजवायची ना! इथे कुणी वाईट नाही वाटून घेत. सगळेच वाजवतात."

"वाजवू देत सगळ्यांना."

"मग हे जमायचं नाही," सून म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. सुनेनं ठकीला आपल्या सायकलवर बसवलं आणि गेली. आक्का रिकामी खुर्ची घेऊन मागून आल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. मुलानं दोनदा चेहऱ्याकडे पाहिलं. जेवणं उरकल्यावर त्या सुनेजवळ आल्या.

"घंटी मी वाजवणार नाही. पण तुला पळवलं, ती चूक माझी. उद्या पाऊण तास आधी निघेन, वाटेत कुणी असो नसो."

सुनेनं हातातलं ताट खाली ठेवलं. "उद्याचा एक दिवस हं, आक्का. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी वाटेत चिटपाखरू नव्हतं. आक्का पोचल्या तेव्हा शाळेचं फाटक बंद होतं, पाऊस भुरभुरत होता. पलीकडे छपराखाली बाक होता, पण तिथून शाळेचं दार दिसत नव्हतं. आक्का सायकलवरच ताठ बसून राहिल्या. जरा वेळानं अंगावरची शाल काढली, मागची छोटी खुर्ची पदरानं पुसली, तिच्यावर शाल नीट पांघरली आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.