छातीवरची बैठक

मेणाची दाढ सुरीच्या टोकावर अजून मऊ होती. तिच्या चावायच्या बाजूला खळगा कोरायचा होता, तो थोरलीनं कोरला खरा, पण जरा जास्तच खोल – हाताला आज तोल नाही, मनगट कालच्या ओढाताणीनं ठणकतंय, की नुसतं मनच... मनाचं काय, ते कालपासून उकळतंच आहे. तिनं दाढ दिव्याखाली धरली. ही कुणा अनोळखी माणसाच्या जबड्यात वर्षानुवर्षं बसणार, घास चावणार, आणि त्या माणसाला कधी कळणारही नाही की ती घडवताना एक बाई आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मनातल्या मनात शिव्या घालत होती. शिव्याही धड येत नव्हत्या. कृतघ्न, खोटारडी, यापलीकडे तिची मजल जात नव्हती आणि त्याचाही तिला राग आला. तिनं दाढ ज्योतीवर धरून वितळवून टाकली आणि नवं मेण घेतलं.

दातांच्या त्या लॅबमध्ये सोमवारी कामाचा ढीग असायचा. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतून साचे व्हायचे आणि साच्यांवर ती मेणाचे दात चढवायची, मग त्या मेणाबरहुकूम पक्के दात ओतले जायचे. शेजारच्या टेबलावरच्या प्लॅस्टरवाल्या काकांनी आल्या आल्या विचारलं होतं, काल कोण जिंकलं? धाकटी, ती म्हणाली. मग काय, मेडल घरातच आलं की, असं म्हणून काका खुशीत पावडर कालवायला लागले. घरातच आलं! रात्री आईही हेच म्हणाली, सकाळी शेजारीणही हेच म्हणाली. चोर घरातला असला म्हणजे चोरी होत नाही की काय?

जुजुत्सू, मॅटवरची जपानी वळणाची कुस्ती. आई अजूनही त्याला 'तुमचं ते लोळणं' म्हणते. त्या क्लबात आधी थोरली गेली आणि मग धाकटीला तिनंच बोट धरून नेलं – पट्टा कसा बांधायचा इथपासून तिनंच शिकवलं. काल स्पर्धेची अंतिम फेरी दोघींतच आली. एकाच क्लबातले दोघे असे समोरासमोर आले तर लढायचं नाही, आपसांत ठरवून एकानं बाजूला व्हायचं, असा रिवाज आहे. मास्तर म्हणाले, ठरवा तुमचं तुम्ही. थोरलीनं क्षणाचाही विचार केला नाही. घे तूच, ती म्हणाली. आणि धाकटी तिच्याकडे बघत राहिली, ताटावर बसलेल्या माशीकडे बघावं तशी, आणि म्हणाली, "मला दिलेलं नको. खेळून घेईन."

खेळून घेतलं म्हणे! काय खेळलीस गं? सुरुवातीलाच मी तुझ्या छातीवर बसले होते. दोन्ही गुडघे तुझ्या काखांत, सगळं वजन खाली सोडलेलं, गुण माझ्या खात्यात. वेळ संपेपर्यंत नुसतं बसायचं होतं... नुसतं बसून राहायचं, आणि खालची धडपडून धडपडून दमते. आधी जागा, मग डाव, हे मास्तर रोज घोकून घेतात. हाताची, गळ्याची पकड हाती लागली तर लागली, पण तिच्यापायी जागा सोडायची नाही. पण धाकटीनं तिला ढकलायला हात सरळ केला – नवशिक्यानंही करू नये अशी चूक – आणि तो सरळ हात बघून थोरलीला काय झालं कोण जाणे. तिनं छाती सोडली, हात धरला, पाय चेहऱ्यावरून टाकला, पाठीवर पडली आणि कोपर उलट्या बाजूनं ताणलं. आणि धाकटीनं टॅप केलं. मोकळ्या हातानं, थोरलीच्या पोटरीवर, दोनदा. हरले, सोड.

थोरलीनं सोडलं. सोडणारच! क्लबात रोज हेच तर रक्तात भिनवतात – समोरच्यानं टॅप केलं की त्याच क्षणी सोडायचं, कारण त्याचं कोपर तुमच्या हातात त्यानं विश्वासानं दिलेलं असतं. स्पर्धेत मात्र पंच थांबवेपर्यंत सोडायचं नसतं, हे तिला माहीत होतं, समोर दुसरी कुणी असती तर थोरलीनं सोडलंही नसतं, पण तो हात धाकटीचा होता. पंच पलीकडच्या बाजूला उभे होते, त्यांना काही दिसलं नाही. थोरली हात मिळवायला उठायला लागली तोच धाकटी तिच्या अंगावर आली, आणि तिला वाटलं – आता आठवलं तरी कानशिलं तापतात – तिला वाटलं, पोरगी मिठी मारतेय. तिनं पाठीवर हातसुद्धा ठेवला. धाकटी वर बसली ती घंटा होईपर्यंत उठली नाही, आणि गुणांत पुढं गेली.

नंतर मास्तरांनी धाकटीला विचारलं. पकड शोधत होते, ती खाली मॅटकडे बघत म्हणाली, टॅप नव्हतं ते. मास्तरांनी खांदे उडवले आणि उलट थोरलीलाच सुनावलं, की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला तुला कुणी सांगितलं होतं? त्यांच्याशी ती काल रात्री मनात भांडली, आज सकाळीही भांडली. हात दिसला म्हणून घेतला, मास्तर! एकदा तरी काहीतरी संपवावंसं वाटलं. जन्मभर बसूनच तर राहिले...

डबा उघडला तेवढ्यात आईचा फोन आला. धाकटी सकाळपासून जेवलेली नाही, आईनं सांगितलं, आणि मग सुस्कारा सोडून म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ गं. कुणाला बोलणार?" थोरलीच्या पुढ्यात परक्यांच्या दातांचा आख्खा ट्रे होता. तिला हसू यायला हवं होतं, आलं नाही. जेवली नाही तर नाही जेवली. मी नाही कधी न जेवता राहिले?

मला हिच्याकडून काही नको होतं. मेडल चुलीत घाल. फक्त तोंडानं म्हण, हो, केलं होतं टॅप. एवढंच. तिनं कधी हिच्याकडे काही मागितलं होतं? लहानपणी हिनं बाबांचं घड्याळ फोडलं तेव्हा थोरलीनं ते आपल्या अंगावर घेतलं, बाबांचा मार खाल्ला, आणि पुढं कधी, कधीसुद्धा ती गोष्ट काढली नाही. काढायची गरजच पडायची नाही. नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तरी धाकटी मुकाट्यानं उठून तिचं काम करायची... इतका समजूतदारपणा होता दोघींत. मग खिडकीजवळचा पलंग तिनं हिला दिला, मोठी खोली दिली, शहाण्यासारखं वागून सगळं सगळं दिलं. त्याचं हे फळ. दुपारभर तिनं मेण कोरलं आणि एकही दाढ मनासारखी झाली नाही.

संध्याकाळी क्लबात जायचं नाही असं ठरवून ती क्लबात गेली. कपडे बदलायच्या खोलीत धाकटी आधीच होती, पाठमोरी. दोघी एकमेकींना न शिवता त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पडल्या. मास्तरांनी वजनानुसार जोड्या लावल्या. या दोघी एका वजनाच्या, म्हणून एकत्र. मास्तरांना मनं मोजायचा काटा नव्हता. सराव साधाच होता. एकीनं छातीवर बसायचं, दुसरीनं खालून निसटायचं. वरच्यानं डाव टाकायचा नाही, फक्त जागा धरायची.

थोरली बसली. किती बरं वाटलं बसताना! गुडघे वर सरकवले, कंबर जड केली, छातीचा भार धाकटीच्या चेहऱ्यावर अर्धा येऊ दिला. नियमात होतं सगळं. धाकटी एकदा कुशीवर वळू पाहायची, थोरली तिला परत सपाट करायची, मुळीच घाई न करता. धाप लागू दे. श्वास लहान लहान होऊ देत. असं हिला इथं ठेवता येईल, आज, उद्या, परवा, कितीही वेळ...

मग धाकटी धडपडायची थांबली. तिनं उजवा हात उचलला आणि सरळ वर धरला, कोपर उघडं.

"घे," ती म्हणाली.

"डाव टाकायचा नाहीये."

"घे ना, ताई. मोडलास तरी चालेल." तिचा आवाज दबलेल्या छातीतून फुटून येत होता. "मी टॅप केलं होतं."

बस्स. हेच हवं होतं ना? दिवसभर यावर काय काय बोलायचं ते तिनं घोटून ठेवलं होतं. पण पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं झालं. राग कुठं गेला? तिनं त्याला शोधलं – हो, तिनं तो घाबरून शोधला.

धाकटी बोलत होती. मास्तरांना सांगते. सगळ्यांसमोर सांगते, मेडल परत करते, आत्ताच.

"नको," थोरली म्हणाली. "राहू दे. कुणाला सांगू नकोस."

किती मऊ आवाज लागला तिचा. किती मोठ्या मनाचा. आणि तो ऐकून आत कुठंतरी सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं, वजन खाली गेलं, गुडघे आपोआप आवळले गेले... आणि हे देणंही बसणंच आहे, ते तिला समजलं. आवळताना समजलं.

धाकटीला तिच्या आधीच समजलं होतं. ती खालून एकटक बघत होती, आणि त्या डोळ्यांत माफीची याचना नव्हती, रडू तर नव्हतंच.

"ताई," ती म्हणाली, "हे तरी मला देऊ नकोस."

मास्तरांनी जोड्या बदलायला सांगितलं. आजूबाजूच्या उठल्या, पट्टे सारखे करत एकमेकींना टाळ्या देऊ लागल्या. थोरलीला राग आला, सकाळच्या दसपट – कधीपासून माहीत होतं हिला? किती वर्षं ही खाली पडून मला अशी बघत होती? उठ, तिनं स्वतःला सांगितलं. धाकटी निसटायचा प्रयत्नही करत नव्हती, नुसती वाट बघत होती, आणि थोरलीला उठायची भीती वाटत होती.