तानुबाईच्या वयाचं कार्ड

मी तानुबाईचं कार्ड बोलतोय. पत्त्यांच्या डावातलं नव्हे. संगणकाच्या तोंडी देतात तसलं, भोकं पाडलेलं. पुठ्ठ्याला वाचा कुठली, म्हणाल. पण एक बाई माझ्यातून आरपार गेली, तेव्हापासून मला गप्प राहवत नाही.

एकाहत्तर साली डोणगावच्या बाजूचं एक गाव तलावाखाली जाणार होतं. घरोघरची माहिती लिहायला चिंतामण कारकून आला. नव्या गावठाणात प्रत्येक घराला जागा मिळणार होती. कुटुंबप्रमुख सज्ञान हवा, एवढीच अट. तानुबाई एकटीच राहायची. वय विचारलं तर म्हणाली, "वय कोणी मोजलं, बापू? मानमोडी आली त्या साली मी रांगत होती. हेच लिही."

मानमोडी म्हणजे अठरा सालची तापाची साथ. जुनी माणसं वय असंच सांगायची. चिंतामणनं 'मानमोडी' लिहिलं, आकडा मागाहून काढू म्हणाला आणि साफ विसरला.

मुंबईच्या एका कचेरीत आकड्याच्या जागी माझ्या अंगावर त्या अक्षरांची भोकं पडली. आकड्याच्या घरात अक्षर दिसलं की संगणक अडून बसे आणि मागचा सगळा गठ्ठा खोळंबे. त्याच्यासाठी फोर्ट्रान नावाच्या संगणकी भाषेत आज्ञा लिहिणारा वैजनाथ हुशार, पण उतावळा. त्यानं वैतागून एक ओळ वाढवली: आकडा वाचता आला नाही तर शून्य धर आणि पुढं चल.

मी आत गेलो, बाहेर आलो. यादीत छापलं गेलं: तानुबाई, वय शून्य. तान्ह्या बाळाला जागा कोण देतो? जागा मिळणाऱ्यांतून तिचं नाव गळलं. मला मात्र त्या दिवसापासून, कोरड्या कपाटातसुद्धा, पाण्याचा आवाज येऊ लागला.

यादीसोबत आमचा गठ्ठा चिंतामणकडे आला तोवर गाव हललं होतं. ते शून्य पाहून त्याला आपण विसरलेला आकडा आठवला. मला खिशात घालून तो भर दुपारी जुन्या गावी गेला. तानुबाई उंबऱ्यावर बसली होती. पाणी अंगणात.

"मावशी, तुम्ही गेल्या नाही काऊन?"

"यादीत मी नाही म्हणे. कुठं जाऊ?" तिनं मला उन्हासमोर धरलं. "एवढ्याशा भोकातून गेली व्हय मी?"

चिंतामणनं बोटांवर मोजून माझ्या पाठीवर लिहिलं: चौपन्न. खाली तिनं अंगठा टेकवला. शाई नव्हती, नुसताच ओला.

तो धावतच नव्या गावठाणात गेला. पोलीस पाटील उकंडराव त्याच्याकडे बघतच राहिले. "साहेब, तानुबाईले जाऊन आज नववा दिवस. पाणी चढलं तरी उठली नाही. घर तं तवाच बुडालं."

चिंतामणनं मला खिशातून काढलं. अंगठा ओलाच होता; त्याच रात्री तो मला घेऊन मुंबईच्या कचेरीत वैजनाथकडे निघाला.

पुढं वैजनाथनं ती ओळ खोडली. तेव्हापासून न कळणारं कार्ड वेगळ्या पेटीत पडू लागलं आणि माणूस जाऊन विचारून येऊ लागला. तुमच्याही हाती असं काही आलं, तर बाबांनो, शून्य धरू नका. उठा, विचारायला जा, आणि वेळेत जा.

मी वैजनाथच्या मेजावर काचेखाली असतो. माझ्या गठ्ठ्यातली कार्डं केव्हाच पिवळी पडून कडक झाली. माझ्या पाठीवरचा अंगठा अजून वाळलेला नाही.